साडेआठची मालिका आणि आजीची गोळी

गेल्या पावसाळ्यात आष्टी तालुक्यातल्याच एका गावाहून सत्तरी ओलांडलेल्या एक आजी ओपीडीत आल्या. डोके गरगरते, मानेत ओढल्यासारखे होते, एवढीच तक्रार. रक्तदाब मोजला तर १९० आणि वर-खाली करून ११०. चार-पाच वर्षे त्या आमच्याकडेच औषध घेत होत्या आणि त्यांचा रक्तदाब कधी एवढा चढला नव्हता. मी नेहमीचे प्रश्न विचारले. लोणचे-पापड वाढले का, दुसरीकडचे काही औषध सुरू केले का, गोळ्या संपल्या का. गोळ्या संपल्या नव्हत्या. उलट पिशवीतून निघाल्या त्या पाकिटांत जरा जास्तच शिल्लक होत्या.

"आजी, गोळी घेता ना रोज?"

"घेतो जी. पन कधी घेतली, कधी नाही, ध्यानातच नाही राह्यत आता."

"आधी तर बरोबर घेत होत्या."

"आधी टीव्ही होती ना बापू. साडेआठची मालिका लागली का मी गोळी घेत होती. आता टीव्ही बंद हाय. नातवानं रिचार्जच नाही मारला. म्हन्ते, कायले पैसे घालवता, मोबाईलवर पाह्य जेव्हा पाह्यची तेव्हा."

आरोग्याच्या या सदरात आज टीव्हीचे प्रसारण, क्लाउड आणि मोबाइल असा विषय कसा काय, असे वाचकांना वाटेल. तो विषय माझ्या टेबलावर असा आला. एका मालिकेची वेळ मोडली आणि त्याबरोबर एका रुग्णाचे औषध मोडले. त्यानंतर मी मुद्दाम विचारू लागलो, तेव्हा कळले की आजी एकट्या नाहीत. सातच्या बातम्या लागल्या की साखरेची गोळी घेणारे एक निवृत्त गुरुजी आहेत. मुलाला दमा असलेली एक आई आहे. तिचे संध्याकाळचे पंपाचे औषध एका कार्टूनला बांधलेले होते. सवय ही एखाद्या खुंटीला टांगावी लागते आणि आमच्या भागातल्या बऱ्याच घरांत ती खुंटी टीव्हीच्या वेळापत्रकाची होती. आम्ही डॉक्टर "रात्री जेवणानंतर एक" असे लिहून मोकळे होतो. ती गोळी प्रत्यक्षात कशाच्या आधाराने घेतली जाते, हे चिठ्ठीवर कुठेच नसते.

टीव्हीचे वेळापत्रक का मोडले, हे नीट समजून घ्यायचे तर थोडे मागे जावे लागेल.

मुंबई दूरदर्शन सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ रोजी. आमच्यासारख्या आडबाजूच्या भागात टीव्ही खऱ्या अर्थाने दिसू लागला तो १९८२ च्या दिल्लीच्या आशियाई खेळांनंतरच्या वर्षांत, जागोजागी लहान क्षमतेची प्रक्षेपण केंद्रे उभी राहिली तेव्हा. जानेवारी १९८७ मध्ये 'रामायण' सुरू झाले, तेव्हा मी कॉलेजात शिकत होतो. रविवारी सकाळी एकेका घरात चाळीस-चाळीस माणसे बसलेली, छतावर एक पोरगा अँटेना फिरवतो आहे आणि खालून "थांब, थांब, आता दिसते" असा ओरडा. वाचकांपैकी पन्नाशीच्या पुढच्यांना हे वेगळे सांगायला नको. पुढे केबल आली, मग छत्री आली. १९९९ मध्ये अल्फा मराठी आणि पाठोपाठ ईटीव्ही मराठी सुरू झाल्यावर संध्याकाळी सात ते दहा हा वेळ मालिकांनी वाटून घेतला. स्वयंपाक कधी उरकायचा आणि जेवायला कधी बसायचे, हे मालिका ठरवू लागल्या. आम्ही त्यावर तेव्हा खूप नाके मुरडली. या मालिका कुणाच्या औषधाचे घड्याळ होतील, हे मात्र आमच्या ध्यानात आले नाही.

या सगळ्या काळात प्रसारणाची पद्धत एकच होती. एका ठिकाणाहून सोडायचे आणि सगळ्यांनी एकाच वेळी घ्यायचे. उपग्रह वाहिनीचा कार्यक्रम स्टुडिओतून निघून जमिनीवरच्या मोठ्या तबकडीतून वर जातो, सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहाला लागून परततो आणि केबलवाल्याच्या किंवा आपल्या छतावरच्या छत्रीत पडतो. ही एवढी जाऊन-येऊन यात्रा साधारण पाव सेकंदात होते. हे म्हणजे पावसासारखे आहे. पाऊस एका शेतावर पडतो म्हणून शेजारच्या शेतात कमी पडत नाही. छत्र्या दहा असोत की दहा कोटी, उपग्रहाचे काम तेवढेच राहते.

मोबाइलवरचे चित्र असे येत नाही. ते ठिबक सिंचनासारखे येते, प्रत्येक संत्र्याच्या झाडाला वेगळी नळी. तुम्ही एखादी मालिका उघडली की तिची फाइल दूरच्या कुठल्या तरी डेटा सेंटरमधून, म्हणजेच ज्याला क्लाउड म्हणतात तिथून, फक्त तुमच्यासाठी निघते. नावात ढग असला तरी ते आकाशात नसते. मोठमोठ्या गोदामांत रचलेले लाखो संगणक आणि त्यांना गार ठेवणारी यंत्रणा, एवढेच ते आहे. तिथे चित्राचे काही काही सेकंदांचे तुकडे केलेले असतात आणि प्रत्येक तुकडा चांगल्या, मध्यम आणि सुमार अशा अनेक प्रतींत ठेवलेला असतो. रेंज चांगली असेल तर फोन चांगली प्रत मागतो, रेंज पडली की सुमार. म्हणून चालू मालिकेत मध्येच चेहरे धूसर होतात आणि पुन्हा स्पष्ट होतात. लोकप्रिय कार्यक्रमांच्या प्रती नागपूर-मुंबईसारख्या शहरांत जवळ आणून ठेवलेल्या असतात, म्हणजे प्रत्येक वेळी लांबून आणायला नको. फोन काही तुकडे आधीच साठवून मग दाखवतो, त्यामुळे थेट सामना मोबाइलवर टीव्हीपेक्षा बऱ्याच सेकंदांनी मागे चालतो. शेजारच्या घरातून "आउट!" असा ओरडा येतो तेव्हा आपल्या फोनवर गोलंदाज अजून धावतच असतो, त्याचे कारण हे.

वाहिन्यांच्या पोटातही हाच बदल झाला आहे. पूर्वी एक वाहिनी चालवायची म्हणजे एक वातानुकूलित खोली, टेप वाजवणारी यंत्रे, तीन पाळ्यांत बसणारी माणसे आणि उपग्रहावर विकत घेतलेली जागा लागे. आता कार्यक्रमांची यादी लावणे, मध्ये जाहिराती बसवणे, कोपऱ्यात चिन्ह चिकटवणे ही सारी कामे क्लाउडवरचे सॉफ्टवेअर करते आणि ते चालवणारा माणूस दुसऱ्या शहरात बसलेला असू शकतो. बंगळुरूमध्ये २००८ साली सुरू झालेली अमागी ही कंपनी आज जगभरातल्या वाहिन्यांना ही सोय पुरवते. त्यामुळे वाहिनी काढणे स्वस्त झाले आणि एकाच कार्यक्रमात वेगवेगळ्या प्रेक्षकांना वेगवेगळ्या जाहिराती दाखवणे शक्य झाले. हा दुसरा भाग लक्षात ठेवा, त्याकडे मी डॉक्टर म्हणून परत येणार आहे.

बदलाला खरा वेग आला तो डेटा स्वस्त झाल्यामुळे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ सुरू झाले. त्याआधी एक जीबी डेटाला अडीचशे रुपयांच्या आसपास मोजावे लागत. आता तेवढाच डेटा चहा-बिस्किटाच्या भावात मिळतो. जून २०२२ मध्ये आयपीएलच्या पुढच्या पाच वर्षांच्या हक्कांचा लिलाव झाला, त्यात भारतातले टीव्हीचे हक्क २३,५७५ कोटींना गेले आणि डिजिटलचे २३,७५८ कोटींना. टीव्ही पहिल्यांदाच मागे पडला. १९ नोव्हेंबर २०२३ च्या विश्वचषक अंतिम सामन्यात एका क्षणी ५ कोटी ९० लाख फोन आणि पडदे एकाच ॲपवर सामना पाहत होते. ज्या दोन कंपन्या या बाजारात एकमेकींच्या उरावर बसल्या होत्या, त्या २०२४ च्या नोव्हेंबरात एक झाल्या आणि पुढच्या फेब्रुवारीत जिओहॉटस्टार हे ॲप आले. दुसरीकडे पैसे भरून छत्री घेणाऱ्यांची संख्या, जी २०२० च्या अखेरीस सात कोटींच्या आसपास होती, ती २०२५ मध्ये सहा कोटींच्या खाली आली. आजींच्या नातवाने मारला नाही तो रिचार्ज याच आकड्यात कुठेतरी आहे.

नातू चुकला असे मला वाटत नाही. सोयाबीनला भाव नाही, संत्र्याला गळ लागलेली. दरमहा तीनशे-चारशे रुपये टीव्हीला आणि तेवढेच मोबाइलला कोण घालेल? मोबाइल तर लागतोच. प्रश्न एवढाच आहे की टीव्ही घराचा होता आणि मोबाइल एकाचा असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत स्वतः वापरता येईल असा मोबाइल जवळ असलेल्या स्त्रियांचे प्रमाण देशभरात ५४ टक्के निघाले. ही १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांची गोष्ट. सत्तरीतल्या आजी तर त्या मोजणीतच नाहीत. "मोबाईलवर पाह्य" म्हणणारा नातू सकाळी मोबाइल खिशात घालून शेतावर जातो आणि रात्री परत येतो तेव्हा आजी झोपलेल्या असतात.

आता शरीराकडे वळू. टीव्ही आठ-दहा फुटांवर असतो, मोबाइल फूटभर अंतरावर. मूल तासन्‌तास जवळचे पाहत राहिले आणि उन्हात खेळायला गेले नाही, तर डोळ्याचा गोल लांबट होत जातो आणि लांबचे दिसेनासे होते. २०५० पर्यंत जगातल्या निम्म्या लोकांना लांबचा चष्मा लागलेला असेल, असा एक अंदाज २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला, तो जगभर उद्धृत होतो. शाळा तपासणीच्या वेळी फळ्यावरचे न दिसणारी मुले आम्हाला सापडतात, पालक म्हणतात, "मोबाईल तर एकदम स्पष्ट दिसते त्याले." दिसणारच. जवळचे दिसते, हीच तर त्या दोषाची खूण आहे.

झोपेचे तसेच. पडद्याच्या निळसर उजेडाने मेंदूतले मेलाटोनिन उशिरा पाझरते हे खरे आहे, पण माझ्या मते त्याचा जरा जास्त बोभाटा झाला आहे. उजेडापेक्षा मोठा दोष शेवट नसण्याचा आहे. मालिका अर्ध्या तासाने संपायची आणि उरलेले उद्या. त्यावर घरातल्या बायकांचा एक दिवसभर खल चालायचा. ॲपवर पुढचा भाग दहा सेकंदांत आपोआप सुरू होतो. थांबायचे असेल तर तुम्ही हालचाल करायची, पाहत राहायचे असेल तर काहीच करायचे नाही. थकलेल्या माणसाकडून रात्री साडेअकराला एवढ्या निर्धाराची अपेक्षा करणे मला तरी जमत नाही, मी स्वतः त्यात अडकलेलो आहे. डोकेदुखीसाठी येणाऱ्या पोरांना मी आता आधी विचारतो, "रात्री किती वाजता झोपला?" उत्तर बहुतेक वेळा दोन असते. लहान मुलांसाठी भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने सांगितलेली मर्यादा साधी आहे: दोन वर्षांपर्यंत पडदा नको, दोन ते पाच वर्षे जास्तीत जास्त एक तास, पाच ते दहा वर्षे दोन तासांच्या आत. मांडीवरच्या मुलाला घास भरवताना समोर मोबाइल धरलेली आई आमच्या वॉर्डात रोज दिसते. तिला रागावून काही होत नाही. तिला मदतीला घरात दुसरे कोणी आहे का, हे आधी विचारावे लागते.

पण मला जास्त काळजी आहे ती वेगळ्याच गोष्टीची. वर म्हटले तसे, आता जाहिरात माणूस पाहून येते.

टीव्हीवर खोट्या औषधांच्या जाहिराती नव्हत्या असे नाही. भरपूर होत्या, मध्यरात्रीनंतर तर ताईत आणि तेलांचेच राज्य असे. पण त्या सगळ्यांना दिसत. मलाही दिसत. दुसऱ्या दिवशी ओपीडीत कुणी विचारले तर मला काय ते ठाऊक असे आणि त्याचे उत्तर तयार असे. चमत्कारी उपचारांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा कायदा १९५४ पासून आहे आणि निदान तक्रार करायला सगळ्यांनी पाहिलेली वस्तू हातात असे. मोबाइलवर एखाद्याने दोनदा मधुमेहाबद्दल शोधले की त्याच्याच पडद्यावर "साखर मुळापासून बंद" सुरू होते. ते त्याच्या बायकोला दिसत नाही, मला दिसत नाही, उद्या त्यालाही पुन्हा दिसेल याची खात्री नाही. या वर्षभरात साखरेच्या गोळ्या बंद करून कसले तरी चूर्ण सुरू केलेले जे रुग्ण मी पाहिले, त्यातला एक जण पायाची जखम चिघळून आला. जाहिरात कुठे पाहिली विचारले, तर म्हणाला, "आली होती जी मोबाईलवर. आता नाही सापडत."

सार्वजनिक आरोग्याचे काम ज्यांनी केले आहे, त्यांना सगळ्यांना एकच गोष्ट एकाच वेळी सांगता येण्याची किंमत माहीत आहे. पल्स पोलिओच्या रविवारी बूथवर येणाऱ्या आया आम्हाला टीव्हीवरचे 'दो बूंद' ऐकवत. भारतातला पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी आढळला, आणि मार्च २०१४ मध्ये देशाला पोलिओमुक्त प्रमाणपत्र मिळाले. ते टीव्हीने झाले असे मी म्हणणार नाही, ते घरोघर फिरलेल्या बायकांनी केले. पण त्या दारात उभ्या राहिल्या तेव्हा घराला विषय आधीच माहीत असे. करोनात शाळा बंद होत्या, तेव्हा जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' लागत असे, पहिली ते आठवीच्या मुलांसाठी. ज्या घरात मोबाइल एकच आणि तोही बापाजवळ, त्या घरातल्या पोरांना तेवढाच आधार होता.

मोबाइलच्या बाजूनेही बोलले पाहिजे. ज्या क्लाउडवर मालिका साठवलेल्या असतात, त्याच प्रकारच्या यंत्रणेवर आमची ई-संजीवनी चालते. नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या या सेवेतून उपकेंद्रातली आमची समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाला समोर बसवून दूरच्या तज्ज्ञाशी बोलते. एखाद्या म्हाताऱ्याचे सेवाग्रामला किंवा वर्ध्याला जाण्याचे एसटीचे भाडे आणि मुलाची बुडणारी मजुरी वाचते. ज्या संध्याकाळी सामना असतो, त्या संध्याकाळी मात्र टॉवरवर ताण येतो आणि तज्ज्ञाचा चेहरा चौकोनी ठिपक्यांचा होतो. ठिबकच्या एकाच पाइपावर सगळ्यांनी एकदम नळ्या सोडल्या की शेवटच्या झाडाला पाणी पोचत नाही, तसे.

यावर एक उपाय चाचणीत आहे. प्रसार भारती, आयआयटी कानपूर आणि बंगळुरूची सांख्य लॅब्ज यांनी थेट मोबाइलवर प्रसारण करण्याचे प्रयोग केले आहेत. फोनमध्ये वेगळी चिप असेल तर तो इंटरनेटशिवाय, सिमशिवाय, रेडिओसारखा टीव्ही पकडेल; म्हणजे मोबाइलवरही पुन्हा पाऊस. मोबाइल कंपन्यांना ते फारसे रुचलेले नाही, कारण त्यात डेटा विकला जात नाही. आणि तसे फोन आजींच्या हाती कधी येतील, हा प्रश्न उरतोच. त्याआधीची एक छोटी झलक वाचकांनी अनुभवली आहे. २०२३ मध्ये एके दिवशी सगळ्यांचे फोन एकदम भोंग्यासारखे वाजले आणि पडद्यावर आपत्ती इशाऱ्याची चाचणी असल्याचा संदेश आला. ती याच तत्त्वावर होती, एका टॉवरखालच्या सगळ्या फोनना एकाच वेळी. वर्ध्याचा पारा मे महिन्यात ४५ च्या पुढे जातो आणि उष्माघाताचे रुग्ण दुपारी चारनंतर येऊ लागतात. असा इशारा सकाळी दहालाच मराठीत वाजला, तर बरीच माणसे शेतातून वेळेत परततील असे मला वाटते.

दरम्यान, ज्यांच्या घरी टीव्ही संच आहे पण रिचार्ज परवडत नाही, त्यांच्यासाठी दूरदर्शनची फ्री डिश आहे. एकदा छत्री आणि डबा घेतला की महिन्याचे काही भरावे लागत नाही. सह्याद्री त्यावर दिसते. आष्टीत ती बसवून देणारी पोरे आहेत, पण विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही, कारण त्यात दरमहाचे कमिशन नाही.

आजींना मी तेच सुचवले. पण त्यांची मालिका त्या डब्यावर येत नाही, हे नर्सबाईंनी लगेच लक्षात आणून दिले. फोनवर गजर लावायचा म्हटले, तर फोन नातवाच्या खिशात. शेवटी नर्सबाईंनीच विचारले, "आजी, टीव्ही नव्हती तेव्हा सांज कशी कळत होती?" आजी म्हणाल्या, "दिवा लावतो ना देवाजवळ." मग गोळीचा डबा देवघरात, काडेपेटीच्या शेजारी ठेवायचे ठरले. गोळीची वेळ साडेआठवरून सातवर आली, त्याने औषधात काही बिघडत नाही.

महिन्याभराने आल्या तेव्हा रक्तदाब १४६ आणि ८४ होता. पाकिटातल्या गोळ्या मोजल्या, बरोबर होत्या. औषध घेऊन त्या उठल्या आणि दारातून परत वळल्या. नर्सबाईंच्या जवळ जाऊन हळूच म्हणाल्या, "बाई, तुह्या मोबाईलमधी ते मालिका दिसते काय वं? त्या सुनेचं काय झालं मंग?"